पाय आज्जीचा, मेरुरज्जू आण्णांचा

माणसाच्या शरीरात मेंदूचा हुकूम चालतो, असं नववीच्या पुस्तकात छापलंय. छापणाऱ्यानं आमचं घर पाहिलेलं नाही.

घर म्हणजे सांगलीत विश्रामबागेत, वरच्या मजल्यावर. घरात तीन माणसं. एक मी, दुसरे आमचे हे (सगळी गल्ली त्यांना आण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणते; नाव घ्यायचा प्रश्नच मिटला!) आणि तिसरी आमची नात समृद्धी, म्हणजे समू. तिचे आईबाप शिरवळला. आमचा संजू तिथं एका कारखान्यात आहे, सूनबाईही तिथंच नोकरीला. दोघांच्या पाळ्या अशा की एक घरात शिरतो तेव्हा दुसरा डबा घेऊन दारात उभा. म्हणून समू लहानपणापासून आमच्याकडं. आमच्याकडं म्हणजे काय, आम्हीच तिच्याकडं म्हणायचं. रिमोट तिचा, खिडकीजवळची जागा तिची आणि दुधावरची साय पण तिचीच.

तर यंदा चाचणीत समूनं विज्ञानात असे काही मार्क पाडले की ते सांगायला तिला फोन नकोसा झाला. शेवटी मीच सांगितले. पलीकडं संजूनं ते परत एकदा विचारून घेतले. मग म्हणाला, "आई, मी तिला इकडंच आणतो. इथं चांगला क्लास आहे."

"अरे, पण तुम्ही दोघं कामावर. घरात पोरीजवळ कोण?"

"क्लासातच असती की दिवसभर. तुम्ही दोघं लाड करता, अभ्यास कोण घेणार?"

फोन मोठ्या आवाजावर होता. (मला त्याच्याशिवाय ऐकू येत नाही आणि शेजाऱ्यांना त्याच्याशिवाय करमत नाही.) समू दाराच्या चौकटीत वेणीचं टोक चावत उभी. आण्णा उठून गॅलरीत गेले आणि सकाळीच पाणी घातलेल्या कढीपत्त्याला परत पाणी घालायला लागले. तो कढीपत्ता त्या आठवड्यात बुडायचाच बाकी राहिला.

मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "कुठला धडा अडलाय गं?"

"चेतासंस्था," समू पुटपुटली.

"संजू, तो धडा मी शिकवते."

"तू?" हा 'तू' शिरवळवरनं निघाला तो कराडपर्यंत लांबला असेल. "आई, तू सातवी शिकलीस."

"सातवी पास झाले! नुसती शिकले नाही. येत्या रविवारी तू ये. तिला त्या धड्यातलं काय पण विचार. नाही आलं तर खुशाल घेऊन जा."

फोन ठेवला आणि मग मला घाम फुटला. शब्द देताना काही वाटत नाही बघा. शब्द तोंडातनं बाहेर पडल्यावर वळून आपल्याकडंच बघतो.

पुस्तक घेतलं. वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. चेतापेशी, मेरुरज्जू, प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ! एकेक शब्द असा की म्हणताना कवळी सांभाळावी लागती. पण वाचता वाचता ध्यानात आलं, की अरे, हे तर आपल्या माहेरच्या शेतासारखं आहे! (माझं माहेर कोरेगावकडचं.) पाय म्हणजे शेतातला गडी. त्याला काटा टोचला. तो बांधावरच्याला ओरडून सांगतो, बांधावरचा विहिरीवरच्याला सांगतो, विहिरीवरचा घरात धन्याला. धनी म्हणजे मेंदू. तो जागेवर बसून म्हणतो, "अरं मग उचल की पाय!" आणि तोच हुकूम उलट्या वाटेनं गड्यापर्यंत जातो. झाली चेतासंस्था!

समूबरोबर खालच्या मजल्यावरची निलोफर अभ्यासाला येती. तिच्याच वर्गातली, हुशार पोरगी. ती म्हणाली, "आज्जी, हे लय भारी आहे. पेपरात असंच लिहू का?"

"असं लिहायचं नाही गं बाई. असं समजायचं आणि लिहायचं पुस्तकातलं."

समू मात्र पेन दाताखाली धरून बसली. "आज्जी, समजतंय, पण पाठ होत नाही."

मग मी ठरवलं, पाठच करायचं नाही. चेतासंस्था करूनच दाखवायची! माणसांची साखळी. हाताला हात. पायाला काही लागलं की हात दाबत दाबत निरोप मेंदूपर्यंत न्यायचा. खूणही ठरवली. एकदा दाबलं की नुसता स्पर्श. दोनदा म्हणजे कोमट. तीनदा म्हणजे गरम, पाय काढ. आणि सगळा पंजा दाबला की भाजलं, धावा!

पाय व्हायला दोन्ही पोरी तयार होईनात (इज्जतीचा प्रश्न), म्हणून पाय मी. निलोफर माझ्यापासनं निरोप नेणारी चेतापेशी. मेंदू समू, कारण परीक्षा तिचीच. मधे राहिला मेरुरज्जू.

"आवं," मी आण्णांना हाक मारली. "तुम्हाला एक काम आहे."

"बसून असंल तर सांगा. गुडघं ऱ्हाईलं न्हाईत. आनि डोक्याचं काम नगं."

"डोक्याचं काम तुम्हाला कोण देतंय? तुम्ही पाठीच्या कण्यातले मेरुरज्जू. खालनं निरोप आला की वर द्यायचा. मधे आपली अक्कल लावायची नाही."

"येवढंच व्हय? मंग करतो की."

आता इथं आण्णांबद्दल सांगायला पाहिजे. ह्यांचा सगळा जन्म सांगलीच्या हळदीच्या बाजारात गेला, सौदे करण्यात. त्या वेळी हळदीचा भाव असा तोंडानं ओरडून ठरत नव्हता. देणारा आणि घेणारा समोरासमोर बसायचे, हातांवर टॉवेल टाकायचे आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करायचे. तोंडानं गप्पा पाऊसपाण्याच्या, पोराबाळांच्या. खरं बोलणं चाललेलं बोटांत. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. पुढं ती पद्धत गेली आणि आण्णाही घरी बसले. हात मात्र घरी बसले नाहीत, हे मला त्या रविवारी कळलं.

शनिवारी तालीम केली. झकास झाली! मी दाबलं, निलोफरनं दाबलं, आण्णांनी दाबलं, समू म्हणाली "पाय काढ" आणि मी पाय काढला. पुस्तकात छापावी अशी चेतासंस्था! हुकूम परत आणायला खरं तर आणखी एक चेतापेशी लागते, पण माणूस कमी पडला, म्हणून मेंदूनं तोंडानंच हुकूम द्यायचा असं ठरलं. धड्याचं शेवटचं एक पान तेवढं मी मुद्दाम सोडलं होतं. 'प्रतिक्षिप्त क्रिया' असं त्याचं नाव होतं आणि ते नाव म्हणूनच मी दमले होते.

रविवारी संजू आला. येताना मोठी, रिकामी बॅग घेऊन आला आणि ती बरोबर खोलीच्या मधोमध ठेवली. दही-धपाटी खाल्ली, हात धुतले. समू बॅगेकडं बघत होती. मी समूकडं बघत होते. आण्णा कढीपत्त्याकडं निघाले होते, त्यांना मी परत बोलावलं.

"हं आई," संजू म्हणाला. "भरव तुझी शाळा."

मी खुर्चीत बसले. पुढं परात, परातीत बोटभर गार पाणी, त्यात माझा उजवा पाय. संजूला सांगितलं, "न्हाणीतनं बादलीभर सोलरचं पाणी आण आणि तांब्यानं थोडं थोडं ओत." दसऱ्यानंतरचं ऊन किती कडक असतं आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी किती तापतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मास्तरीण झाल्यावर माणूस घरातल्या गोष्टींकडं कुठं लक्ष देतो!

वर आणखी मी जाहीर केलं, "पायाला स्वतःची अक्कल नसते. पायाला तोंडही नसतं. मेंदूचा हुकूम आल्याशिवाय हा पाय हलणार नाही. बघच तू!"

संजू तांब्या घेऊन वाकला आणि निरखून आमच्या हातांकडं बघायला लागला. आण्णांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. एकदा हातांकडं बघितलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्हीकडच्या हातांवर नीट पसरला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"असू दे. उघड्यावर बरं न्हाई."

मला वाटलं, लाजले असतील. तिथंच मी फसले!

पहिला तांब्या पडला. पाणी कोमट झालं. मी निलोफरचा हात दोनदा दाबला. तिनं पुढं दोनदा दाबला. टॉवेलाखाली जरा हालचाल झाली आणि आण्णा एकदम संजूला म्हणाले, "काय म्हंतोय पाऊस, तुमच्या शिरवळकडं?"

"बरा झाला," संजू म्हणाला.

"पायाला काहीतरी लागलंय," समूनं जाहीर केलं. "नुसता स्पर्श आहे. काही करायचं नाही."

एक दाब कुठं गेला? वाटेत सांडला असेल, म्हणून मी सोडून दिलं. संजूनं दुसरा तांब्या ओतला. हा चांगला गरम होता. मी तीनदा दाबलं. निलोफरनं तीनदा दाबलं, मला दिसलं. आण्णांचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा. "आनि ऊस कसा हाय औंदा तिकडं?"

"आण्णा, मी कारखान्यात असतो. मला काय माहीत उसाचं?"

"कोमट आहे," मेंदू म्हणाला. "पायाला बरं वाटतंय."

बरं कुणाला वाटतंय! पण बोलता येईना. पायाला तोंड नसतं म्हणून मीच सांगून बसले होते. निलोफर घाबरून कुजबुजली, "आण्णा, तीन! तीन दाबलंय मी!"

आण्णा तिच्याकडं न बघता, ओठ न हलवता म्हणाले, "दोन. तीन परवडत न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेरुरज्जू सौदा करत होता! खालनं आलेला निरोप जसाच्या तसा वर द्यायचा, हे ह्या माणसाला जन्मात कधी माहीतच नाही. खालचा तीन म्हणाला की वरच्याला दोनच सांगायचं, हीच तर सगळ्या आयुष्याची कमाई.

"आई, अजून ओतू?" संजूनं विचारलं. मेंदू म्हणतोय कोमट आहे, मग त्याची तरी काय चूक! ओतला त्यानं तिसरा तांब्या.

अगं आई गं! मी निलोफरचा सगळा पंजा आवळला. भाजलं, धावा! तिनं बिचारीनं दोन्ही हातांनी आण्णांचा पंजा दाबला, घाईघाईनं, परत परत. आणि आण्णांनी काय केलं असेल? हात काढून घेतला! सरळ टॉवेलाखालनं हात बाहेर काढला, मिशीवर फिरवला आणि गॅलरीतनं लांब कुठं तरी बघत बसले.

आता ह्याचा अर्थ मला एकटीलाच कळत होता. बाजारात समोरच्यानं घाई केली की समजायचं, गरज त्याला आहे. मग आपण हात काढून घ्यायचा आणि आपल्याला काही पडलेलं नाही असं दाखवायचं. समोरचा आपोआप खाली येतो. साडीच्या दुकानात ह्यांनी कितीदा तरी असंच उठून चालायला सुरुवात केलेली आहे आणि मी कितीदा तरी मोकळ्या हातानं घरी आलेली आहे!

तर स्थिती अशी. खाली पाय उकडतोय. मधे मेरुरज्जू मिशीला पीळ देतोय. आणि वर मेंदू निवांत पंख्याकडं बघतोय, कारण मेंदूला निरोपच नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, पाय काढायचा की गुमान! काढला असता हो. पण समोर ती बॅग होती. पाय हुकमाशिवाय हलला की मी शिकवलेलं सगळं खोटं ठरणार, संजू म्हणणार "बघितलं?" आणि पोरीचे कपडे त्या बॅगेत जाणार. मी दात आवळले, खुर्चीचा हात आवळला आणि पाय तसाच ठेवला.

"आई, तुझा चेहरा असा का झालाय?"

"चेहरा आजच्या धड्यात नाही," मी म्हणाले. "तू ओत."

हा शेवटचा शब्द कुठल्या पेशीतनं आला ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

चौथा तांब्या पडला मात्र, पाय उडाला! मी उचलला नाही, देवाशपथ, तो आपला आपण उडाला. परात उलटी झाली. पाणी संजूच्या पॅण्टवर, पॅण्टवरनं बॅगेत. मी खुर्चीसकट मागं कलंडले ती बरोबर दिवाणावरच्या धुतलेल्या कपड्यांत. निलोफर किंचाळली, समू उठून उभी राहिली. आणि ह्या सगळ्या गदारोळात आण्णांनी परत टॉवेलाखाली हात घातला, मोकळीच हवा चाचपडली आणि जोरात म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ दे! तीनला सोडा!"

 आधी हललं कोण, तर समू. पळत गेली, गार पाण्याची बादली घेऊन आली आणि माझा पाय त्यात बुडवला. पाय टोमॅटोसारखा लाल झाला होता. फोड नव्हता आला, नशीब.

संजू पॅण्ट पिळत होता. "आई, ही काय शाळा आहे का? पाय आधीच काढायचा नाही? आणि आण्णा, तुम्ही!"

"मी काय केलं? त्येंनी भाव लय लावला हुता."

"बस झालं," संजू म्हणाला. "समू, कपडे भर."

समू माझ्या पायावर ओंजळीनं पाणी घालत होती. ती उठली नाही. मान खाली घालूनच म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला विचारणार होता. विचारा ना."

"काय विचारू आता?"

"पाय का उडाला ते विचारा."

संजू पॅण्टच पिळत राहिला. मग ती स्वतःच बोलायला लागली. आधी हळू, मग एकदम धबधब्यासारखी. "त्वचेला गरम लागलं. संवेदी चेतापेशीनं निरोप मेरुरज्जूपर्यंत नेला. आज्जीच्या खऱ्या मेरुरज्जूपर्यंत, आण्णांपर्यंत नाही. जीवावर बेतलं की मेरुरज्जू मेंदूची वाट बघत नाही. तो परस्पर प्रेरक चेतापेशीला सांगतो आणि पाय मागं येतो. मेंदूला नंतर कळतं. ह्याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. आज्जीनं ते पान सोडलं होतं, मी काल वाचलं. तेव्हा काही कळलं नाही. आत्ता कळलं."

"बघा," आण्णा म्हणाले. "मंजे मेरुरज्जूला अक्कल हाय. मी सांगतच हुतो."

"तुम्ही गप बसा," मी म्हणाले.

"आणि पप्पा," समू म्हणाली, "पाय खरं तर आधीच उडायला पाहिजे होता. तिसऱ्याच तांब्याला. पण मेंदू ठरवून अडवू शकतो. आज्जीनं अडवून धरला. आज्जीच्या मेंदूला…" तिनं आणखी एक ओंजळ माझ्या पायावर घातली. "आज्जीच्या मेंदूला मला पाठवायचं नव्हतं ना, म्हणून."

 निलोफर टॉवेलानं फरशी पुसायला लागली. संजू खाली बसला, माझा पाय बादलीतनं उचलून मांडीवर घेतला आणि निरखून बघितला. मग आत जाऊन बर्फ आणला. बर्फ लावता लावता माझ्याकडं न बघता म्हणाला, "मलापण घरी गेल्यावर कुणी तरी दिसावं असं वाटतंय गं. म्हणून म्हणत होतो."

 समू म्हणाली, "दिवाळीची सगळी सुट्टी मी तिकडं येते पप्पा. पण शाळा इथंच."

"तिथं येऊन मला पण हे चेतापेशीचं सांग मग," संजू म्हणाला. "आम्हाला शाळेत असं कुणी शिकवलं नाही."

संध्याकाळी तो निघाला. बॅग दोरीवर वाळत होती, ती इथंच राहिली. जिना उतरता उतरता वळून म्हणाला, "राहू दे तिला. पण एक अट आहे. आई, ह्याच्यापुढं विज्ञान तू शिकवायचं नाहीस."

"मान्य!" आतनं आण्णा ओरडले. घासाघीस न करता ह्या माणसानं मान्य केलेली ही आयुष्यातली पहिली गोष्ट.

मीही शब्द दिला आणि तो पाळला आहे. विज्ञानाच्या पुस्तकाला त्या दिवसापासनं हात लावलेला नाही. पण भूगोलाचं कुणी काही बोललं नव्हतं, आणि भूगोलात आता ज्वालामुखीचा धडा आलाय. खायचा सोडा आणलाय, लिंबं आणली आहेत. कालच मी समू, निलोफर आणि आण्णांना समोर बसवलं आणि म्हणाले, "हे बघा, आधी एक ठरवू. सारखं धुमसणारं, कधी फुटेल त्याचा नेम नसलेलं आणि एकदा फुटलं की कुणाच्या बापाला न आवरणारं असं कोण तरी आपल्याला लागणार…"

माझं वाक्य संपायच्या आधीच तिघांचीही बोटं माझ्याकडं वळली होती.